स्प्रे मारून क्विल्ट टाचायची कशी

क्विल्टचं वरचं कापड जोडून झालं, रंग मनासारखे जुळले, की पुढे येतं ते टाचण्याचं काम. नवख्या हातांना हेच सगळ्यात कंटाळवाणं वाटतं. वरचं कापड, मधलं बॅटिंग (कापसाचा किंवा पॉलिएस्टरचा मऊ, सलग थर) आणि खालचं अस्तर असे तीन थर एकावर एक पसरायचे आणि शिलाई पुरी होईपर्यंत ते जागचे हलू द्यायचे नाहीत. ही पायरी घाईने उरकली तर शिवताना पाठीमागे चुण्या पडतात, आणि शिलाईत अडकलेली चुणी उसवल्याशिवाय जात नाही. कच्च्या धावदोऱ्याने टाचायला बाळाच्या दुपट्यालाही बराच वेळ लागतो. सेफ्टी पिनांनी त्यापेक्षा लवकर होतं, पण शिवताना दर वीतभर थांबून पिन काढावी लागते.

कापडासाठी मिळणारा तात्पुरता चिकटस्प्रे हा तिसरा मार्ग. डब्यात चिकट द्रव्य, त्याला पातळ ठेवणारं विद्रावक आणि ते बाहेर ढकलणारा वायू असतो. तुषार कापडावर पडले की विद्रावक उडून जातं आणि धाग्यांवर चिकटपणाचे बारीक ठिपके उरतात. त्यांच्यावर ठेवलेलं कापड धरून राहतं, ओढलं तर सुटतं, पुन्हा ठेवलं तर पुन्हा धरतं. शिवून झाल्यावर क्विल्ट धुतली की चिकटपणा पाण्याबरोबर निघून जातो.

एक गोष्ट सुरुवातीलाच मनात पक्की करा. स्प्रे सुरकुत्या काढत नाही. कापड जसं पसरलंय तसंच तो धरून ठेवतो. वाकडं पसरलं असेल तर वाकडंच धरतो. म्हणून या कामातला खरा वेळ कापड पसरण्यात आणि हाताने साफ करत नेण्यात घालवायचा, आणि स्प्रे मात्र वाटतो त्यापेक्षा कमी मारायचा. नवख्यांचं काम बहुतेक वेळा बिघडतं ते जास्त स्प्रे मारल्याने. कमी पडलाय असं क्वचितच होतं.

तुमच्या कामाला स्प्रे लागतो का?

मशीनवर शिवणार असाल आणि येत्या काही दिवसांत शिवून संपवणार असाल, तर स्प्रे उत्तम. हाताने शिवणार असाल तर मी धावदोराच सुचवेन. एक तर चिकट थरांतून हातातली सुई जड जाते, दर टाक्याला जोर लावावा लागतो. दुसरं म्हणजे हाताचं काम आठवडे, कधी महिने चालतं आणि स्प्रेची पकड तेवढी टिकेलच असं नाही. काही स्प्रे मुद्दाम असे बनवलेले असतात की चार-पाच दिवसांत त्यांचा चिकटपणा आपोआप उडून जावा. अर्धी शिलाई झालेली असताना थर सुटायला लागले तर टाचण्याचा सगळा खटाटोप पुन्हा करावा लागतो.

आपल्या पारंपरिक गोधडीला तर स्प्रेची गरजच नाही. जुन्या सुती साड्या आणि धोतरं यांचे चार-पाच थर असले तर प्रत्येक दोन थरांमध्ये स्प्रे मारावा लागेल. एवढा चिकटा साठला की गोधडी पुठ्ठ्यासारखी ताठ होते. शिवाय वापरून मऊ झालेलं सुती कापड एकमेकांवर फारसं सरकतही नाही. बऱ्याच ठिकाणी गोधडी कडेकडेने शिवत आत मध्याकडे नेतात, हाताने सुरकुती पुढे सारत सारत. ती पद्धतच टाचण्याचं काम करते. उत्तर कर्नाटकात हल्याळ, यल्लापूरकडच्या सिद्दी या आफ्रिकी वंशाच्या समाजातल्या बायका ज्या कवंदी, म्हणजे तिथल्या गोधड्या, शिवतात त्यांतही तुकडे कडेपासून आत लावत जातात आणि टाका एकाच वेळी जोडतोही आणि भरतोही. या पद्धती शेकडो हातांतून घडलेल्या आहेत. त्यांच्यात डबा आणून काही साधत नाही.

म्हणजे इथे आपण बोलतोय ते तीन थरांच्या, मध्ये सलग बॅटिंग असलेल्या, मशीनवर शिवायच्या क्विल्टबद्दल. घरात कुणाला दमा असेल, कुणी गरोदर असेल, किंवा खोलीला एकच लहान खिडकी असेल, तर स्प्रेचा विचार सोडून द्या आणि पिना घ्या. पंजा ठेवला तर कुठेही त्याखाली एक तरी पिन यावी, एवढ्या जवळ लावायच्या. त्यानेही सुंदर काम होतं.

डबा घेताना

जगभर क्विल्ट करणारे वापरतात त्यांतली दोन नावं सतत ऐकू येतात: ओडिफ या फ्रेंच कंपनीचा ५०५ आणि सल्की कंपनीचा केके २०००. आपल्याकडे मशीन एम्ब्रॉयडरीचं सामान विकणाऱ्या दुकानांत विचारा. भरतकामाच्या मशीनवर कापडाखाली कागदी अस्तर चिकटवायला तिथे असेच स्प्रे वापरतात. ऑनलाइनही मिळतात.

डब्यावर दोन शब्द असलेच पाहिजेत: 'टेम्पररी' आणि 'फॅब्रिक'. हार्डवेअरच्या किंवा गाड्यांच्या सीट बनवणाऱ्यांच्या दुकानात नुसता 'स्प्रे ॲडेसिव्ह' मागितलात तर फोम, रेक्झिन, लॅमिनेट चिकटवायचा कायमचा गोंद मिळेल. तो धुऊन जात नाही, कापडावर पिवळा पडतो आणि मशीनची सुई खराब करतो. फोटो आणि कागद चिकटवायचे स्प्रेही क्विल्टला चालत नाहीत. तसंच लाकूडकामाचा पांढरा गोंद पातळ करून लावू नका. वाळला की तो कापडातून सहजी सुटत नाही.

परदेशातल्या नातेवाइकांना 'येताना एक डबा आण' असं सांगण्याचा मोह अनेकींना होतो. सांगू नका. ज्वलनशील स्प्रेचा डबा विमानात हातातल्या बॅगेतही चालत नाही आणि चेक-इन केलेल्या बॅगेतही चालत नाही. केसांच्या स्प्रेला किंवा डिओडरंटला जी थोडी सूट मिळते ती गोंदाच्या स्प्रेला नाही. बॅग उघडली जाईल, डबा काढून घेतला जाईल आणि आणणाऱ्याला विमानतळावर उभं राहावं लागेल.

हवा, आग आणि फरशी

हा भाग चाळून पुढे जाऊ नका. डब्यावर चौकटीत ज्वाळेचं चित्र असेल तर आतला वायू, विद्रावक किंवा दोन्ही पेट घेणारे आहेत. या वाफा बहुतेक वेळा हवेपेक्षा जड असतात. त्या वर जात नाहीत, खाली बसतात, फरशीवर पसरतात आणि वास जाणवेनासा झाल्यावरही काही वेळ कोपऱ्यात रेंगाळतात. आता आपल्या घरात फरशीच्या उंचीवर काय काय पेटतं ते आठवा: खाली मांडलेल्या देवांपुढची समई, निरांजन, अगरबत्ती, डासांची कॉइल, धुपाटणं. शेजारच्या स्वयंपाकघरातला गॅस आणि बाथरूममधला गॅस गिझर हेही याच यादीत धरा. स्प्रे मारायच्या आधी हे सगळं बंद असलं पाहिजे, आणि काम संपल्यावर निदान तासभर पेटवायचं नाही. संध्याकाळी दिवेलागणीच्या सुमाराला हे काम काढूच नये. सकाळचा स्वयंपाक आटोपल्यावरची वेळ मला सगळ्यात सोयीची वाटते.

फरशीवर काम करण्याचा दुसरा तोटा आपल्या श्वासाचा. गुडघ्यांवर बसून वाकलं की नाक बरोबर त्या वाफांच्या थरात येतं. म्हणून शक्य असेल तर जेवणाच्या टेबलावर, उभं राहून करा. टेबल लहान असलं तरी चालतं, ते कसं ते पुढे सांगते. समोरासमोरच्या खिडक्या-दारं उघडून हवा वाहती ठेवा. गच्ची किंवा मोठी बाल्कनी असेल तर फारच छान, फक्त वारा पडलेला असावा, नाहीतर तुषार शेजाऱ्यांच्या वाळत घातलेल्या कपड्यांवर जातील.

पंखा स्प्रे मारताना बंद हवा. तो तुषार उडवतो, आणि बॅटिंगपेक्षा जास्त गोंद फरशीवर, फर्निचरवर जाऊन बसतो. स्प्रे मारायला सुरुवात केली की विजेची बटणं चालू-बंद करत राहू नका. बटणात बारीक ठिणगी पडते. काय लावायचं, काय बंद करायचं ते आधीच करून घ्या.

मास्कबद्दल एक गैरसमज आहे. कापडी मास्क किंवा एन-९५ तुषारांचे कण अडवतो, पण विद्रावकाची वाफ त्यातून आरपार जाते. वाफ अडवायला कार्बनचं काडतूस असलेला, रंगारी लोक वापरतात तसा मास्क लागतो. वर्षातून एखादी छोटी क्विल्ट करणार असाल तर वाहती हवा आणि एन-९५ पुरे. नेहमी करणार असाल तर तो मास्क विकत घ्या. लहान मुलं, मांजर-कुत्रं आणि विशेषतः पिंजऱ्यातले पक्षी दुसऱ्या खोलीत ठेवा आणि दार लावून घ्या. पक्ष्यांना असल्या वाफा फार लवकर बाधतात.

टेबलावर आणि भोवतीच्या फरशीवर जुन्या चादरी किंवा खाकी कागद पसरा. वर्तमानपत्र नको, त्याची शाई ओलसर गोंदाला धरते आणि पांढऱ्या अस्तरावर उतरते.

कापडाची तयारी

पहिल्या वेळी लहान काम घ्या. तयार माप ३४ बाय ४४ इंच धरा. बाळाचं दुपटं किंवा मांडीवर घ्यायची छोटी क्विल्ट होते. या मापाचा एक मोठा फायदा आहे. अस्तर चारही बाजूंनी चार-चार इंच जास्त लागतं, म्हणजे ४२ बाय ५२ इंच. बाजारात साधं सुती कापड ४४ इंच पन्ह्याचं मिळतं. धुऊन आटल्यावरही त्यातून ४२ इंच बहुधा निघतात, त्यामुळे अस्तराला जोड द्यावा लागत नाही. दीड मीटर कापड पुरतं. बॅटिंग अस्तरापेक्षा जरा लहान, ४० बाय ५० इंच कापा, म्हणजे स्प्रे मारताना कडेचे तुषार अस्तरावरच पडतील.

सगळं सुती कापड आधी धुऊन घ्या. हातमाग आणि ठोक्याची छपाई असेल तर हे चुकवूच नका. नवं कापड आटतं, गडद निळा आणि लाल रंग सोडतो, आणि त्याला लावलेली खळ गोंदाला नीट धरू देत नाही. धुतल्यावर इस्त्री करा, ती आत्ताच. एकदा स्प्रे मारला की क्विल्ट धुऊन गोंद जाईपर्यंत इस्त्री जवळ आणायची नाही. वरच्या कापडाची सगळी शिलाईची दाबं एका बाजूला नीट दाबून घ्या आणि लोंबणारे दोरे कापा. पांढऱ्या कापडाखाली राहिलेला लाल दोरा नंतर जन्मभर दिसत राहतो.

बॅटिंग गुंडाळीतून काढलेलं असेल तर त्याला घड्यांचे वळ असतात. आदल्या रात्री पलंगावर मोकळं पसरून ठेवलं तर ते पुष्कळ बसतात. सुती किंवा सुती-पॉलिएस्टर मिश्र बॅटिंग स्प्रेला सगळ्यात चांगलं धरतं. रजईत घालतात तसं फुगीर पॉलिएस्टर मात्र दाबलं तरी परत उसळतं आणि कापडाला फक्त टोकाटोकांनी चिकटतं. तसं बॅटिंग असेल तर स्प्रेवर विसंबू नका, पिना लावा.

आता चाचणीचा तुकडा. त्याच कापडाचे, त्याच बॅटिंगचे सहा-सहा इंचांचे तुकडे घ्या, स्प्रे मारून एकमेकांना लावा, मशीनवर दोन-चार रेघा शिवा आणि तुकडा धुऊन वाळवा. डाग राहिला का, रंग फुटला का, सुई चिकटली का, सगळं कळतं. वरच्या कापडात खणाचे तुकडे, रेशीम किंवा सिंथेटिक साडीचा पदर असेल तर ही चाचणी केल्याशिवाय पुढे जाऊच नका. रेशमावर डाग पडण्याची भीती खरी आहे, आणि आजीच्या साडीचा तुकडा पुन्हा मिळत नाही. मलमलीसारख्या विरळ कापडातून गोंद वरही येतो. तिथे आणखी लांबून, आणखी हलका हात.

प्रत्यक्ष टाचणं

अस्तर टेबलावर उलट बाजू वर, सुलट बाजू टेबलाकडे करून पसरा. चारही बाजूंचे मध्य खडूने किंवा टाचणीने खूण करून ठेवा. आधी एका बाजूच्या मध्यावर मास्किंग टेप लावा, मग समोरच्या बाजूच्या मध्यावर, मग उरलेल्या दोन बाजूंच्या मध्यावर, आणि मगच कोपऱ्यांकडे जा. कापड सपाट हवं, ताणलेलं नको. ताणून टेप लावलं तर टेप काढताच अस्तर आखडतं आणि वरचे दोन थर फुगतात. टेप लावून झाल्यावर तळहात फिरवा. हात अडला नाही आणि हाताबरोबर कापड ढकललं गेलं नाही, म्हणजे झालं. टेबल लहान असेल तर एका बाजूच्या कडा चिमट्यांनी टेबलाला धरून ठेवा, अर्धा भाग करून घ्या आणि मग सरकवा.

बॅटिंग अस्तराच्या मधोमध ठेवा आणि हाताने साफ करा. अजून स्प्रेला हात लावायचा नाही. बॅटिंगचा अर्धा भाग उचलून दुसऱ्या अर्ध्यावर दुमडा. अर्धं जागेवर राहिलं, म्हणून सगळं बॅटिंग नंतर वाकडं बसत नाही. या दुमडण्याच्या युक्तीवरच पुढचं सगळं काम उभं आहे.

डबा चांगला हलवा. पहिला फवारा टाकाऊ कागदावर मारा, कारण नॉझल सुरुवातीला कधीकधी थेंब थुंकतं आणि त्या थेंबाचा डाग पडतो. डबा उभा धरा, बॅटिंगपासून २० ते ३० सेंटिमीटर लांब, म्हणजे साधारण एका वितीहून थोडं जास्त. स्प्रे बॅटिंगवर मारा, कापडावर नाही. कापडावर मारला की गोंद एका जागी साठतो आणि झिरपतो. बॅटिंगच्या तंतूंवर तो पसरून राहतो. डब्यावरच्या सूचनेत वेगळं लिहिलं असेल तर मात्र ती पाळा.

हात कडेच्या बाहेर सुरू करा, सरळ रेषेत नेत दुसऱ्या कडेच्या बाहेर थांबवा. एका जागी हात थांबला की तिथे ओला ठिपका होतो. दोन ओळींमध्ये चार बोटं अंतर चालतं; प्रत्येक इंच भिजवायची गरज नाही. दुमडलेल्या घडीपासून फक्त फूट-दीड फूट पट्टा फवारा, सगळा अर्धा भाग एकदम नाही. मिनिटभर थांबा. बोट लावून पाहा: बोटाला ओढ लागावी, पण ओलं लागू नये. ओलं लागलं तर जास्त झालंय, आणखी थोडं थांबा.

आता फवारलेलं बॅटिंग हळूहळू अस्तरावर परत उतरवा. घडीच्या रेषेपासून सुरू करा आणि दोन्ही तळहात मध्यावरून कडांकडे नेत जा, जसा पोळीवर तूप पसरवताना हात बाहेर जातो तसा. पुढे ढकलू नका, कापडाचा तिरका धागा ताणला जातो आणि चौकोन तिरपा होतो. सुरकुती आली तर दाबून बसवू नका. त्या जागेपर्यंत उचला आणि पुन्हा लावा. स्प्रेचा सगळा फायदा याच क्षणी आहे, तो संकोच न करता घ्या. मग पुढचा पट्टा, मग त्यापुढचा. अर्धा भाग झाला की दुसरा अर्धा दुमडून तसंच करा.

वरच्या कापडाला हीच पद्धत. ते बॅटिंगवर सुलट बाजू वर ठेवून मधोमध आणा. अस्तरावरच्या मध्याच्या खुणा इथे कामाला येतात. अर्धं दुमडा, बॅटिंगवर पट्टा फवारा, उतरवा, साफ करा. वरच्या कापडात जोडाच्या सरळ रेषा असतात, त्यांच्याकडे लक्ष द्या. लांब पट्टी ठेवून पाहिलं की रेष वाकली असेल तर लगेच दिसते. ज्या रेषा तुम्ही स्वतः सरळ शिवल्या आहेत त्या इथे वाकू देऊ नका. या टप्प्यावर दहा मिनिटं जास्त गेली तरी चालतील.

टेप काढा आणि सगळी क्विल्ट उलटी करून पाठ तपासा. हे बहुतेक जण विसरतात. अस्तराला एखादी चुणी असेल तर कडेकडून तेवढाच भाग सोडवून पुन्हा लावा. शेवटी चार कोपऱ्यांना आणि प्रत्येक कडेवर दोन-तीन पिना लावा, कारण मशीनखाली गुंडाळताना कडा सगळ्यात आधी सुटतात. क्विल्ट मोकळ्या हवेत सपाट ठेवा. वास पूर्ण जाईपर्यंत शिवायला बसू नका. शिवणमशीनच्या मोटरीतही ठिणग्या पडतात.

पलंगाची मोठी क्विल्ट याच पद्धतीने होते, फक्त दोघं लागतात आणि काम मध्यापासून चार भागांत करावं लागतं. डबा बराच संपतो, खोलीत वाफ बरीच साठते. म्हणून मोठ्या कामाला मी मध्ये-मध्ये हलका स्प्रे आणि भोवती पिना असं मिश्रण पसंत करते.

मशीनवर

शक्यतो त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी शिवायला घ्या. सुई नवी लावा, ९०/१४ नंबरची. टाका जरा लांब, ३ ते साडेतीन मिलिमीटर. तिन्ही थर एका वेगाने सरकवणारा वॉकिंग फूट तुमच्या मशीनला बसत असेल तर अवश्य घ्या. स्प्रेने थर धरलेले असले तरी साधा पाय वरच्या कापडाला थोडं पुढे ढकलतोच. पहिली रेघ मधोमध उभी, दुसरी मधोमध आडवी, आणि मग मध्याकडून बाहेर. बॅटिंगच्या पाकिटावर दोन रेघांत जास्तीत जास्त किती अंतर चालेल ते लिहिलेलं असतं. त्याहून विरळ शिवू नका, कारण धुतल्यावर गोंद जाणार आणि मग बॅटिंगला धरून ठेवायला फक्त तुमचे टाकेच उरणार.

टाके सुटायला लागले, दोरा तुटायला लागला किंवा सुई आत-बाहेर होताना चिकट आवाज आला, तर थांबा. वेगाने चालणारी सुई घर्षणाने तापते, गोंद मऊ होतो आणि सुईला लागतो. मशीन बंद करून सुई सर्जिकल स्पिरिटच्या बोळ्याने पुसा आणि स्पिरिट उडून गेल्यावर पुढे शिवा. वारंवार होत असेल तर क्विल्ट एक दिवस हवेवर राहू द्या आणि मग हळू वेगाने शिवा. बॉबिनच्या जागेतला चिकट मऊ कचराही ब्रशने काढा.

डबा, डाग आणि पहिली धुलाई

काम संपलं की बाहेर मोकळ्या जागी डबा उलटा करून क्षणभर दाबा, नुसता वायू येईपर्यंत, आणि नॉझल पुसून टाका. नाहीतर पुढच्या वेळी ते बंद झालेलं मिळेल. डबा ५० अंश सेल्सिअसपेक्षा जास्त तापू द्यायचा नसतो. एप्रिल-मेमध्ये नागपूर-अकोल्यात उन्हात उभ्या असलेल्या गाडीचा आतला भाग याच्या पुढे सहज जातो, म्हणून दुकानातून आणलेला डबा गाडीत ठेवून दुसऱ्या कामाला जाऊ नका. गॅसच्या शेगडीखालचं कपाटही नको. रिकामा झालेला डबा टोचू नका आणि कचऱ्याबरोबर जाळू देऊ नका.

टेबलावर किंवा फरशीवर चिकटा बसला असेल तर कोमट पाणी आणि भांड्यांचा साबण पुरतो. हट्टी ठिपका थोड्या स्पिरिटने निघतो, पण पॉलिश केलेल्या लाकडावर स्पिरिट लावू नका.

क्विल्टला गोट लावून झाला की पहिली धुलाई करा. गार पाणी, सौम्य साबण, भरपूर पाण्यात खळबळणं. वॉशिंग मशीन चालेल, पण हलकी फेरी. गोंद पूर्ण गेला की नाही हे ओल्या क्विल्टवर हात फिरवून कळतं. निसरडं किंवा चिकट लागलं तर आणखी एकदा धुवा, आणि तोवर इस्त्री करू नका. वाळवताना एका दोरीवर लोंबती टाकू नका, पाण्याच्या वजनाने टाके ओढले जातात. दोन-तीन दोऱ्यांवर पसरून, सावलीत, पाठ वर करून वाळवा. सुती बॅटिंग पहिल्या धुलाईत थोडं आटतं आणि रेघांच्या मध्ये कापड किंचित फुगून येतं. तो दोष नाही, क्विल्ट तशीच दिसायची असते.